शिट्टीवाली

“आमचा मुलगा तसला नाहीये,” इस्त्रीवाली म्हणाली आणि हातातली इस्त्री तिनं जाळीवर अशी काही आपटली, की दारात उभ्या असलेल्या मुलीनं आपोआप एक पाऊल मागं घेतलं.

मुलीच्या हातात कागद अडकवलेलं पॅड होतं, खांद्याला कापडी पिशवी होती आणि गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र. तिनं विचारलेला प्रश्न साधा होता, निदान कागदावर तरी. ‘गेल्या बारा महिन्यांत आपल्या मुलाच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला आहे का?’

“अहो, छातीतून,” मुलगी म्हणाली.

“छातीतून वाजवा नाहीतर तोंडातून वाजवा, शिट्टी ती शिट्टीच. कुणी सांगितलं तुला? त्या कोपऱ्यावरच्या टेलरनं? त्याच्या मुलीकडं ढुंकूनही बघत नाही आमचा. अगं, आठ वर्षांचा आहे तो!”

“मग... नाही लिहू?”

“नाहीच लिही. चांगलं ठळक लिही.”

मुलीनं ‘नाही’च्या चौकोनात बरोबरची खूण केली. मग प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘शेरा’ नावाचा बोटभर रकाना होता, त्यात बारीक अक्षरात लिहिलं : आईच्या मते मुलगा वळणाचा आहे. ती निघाली तेव्हा इस्त्रीवाली शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “शिट्टी म्हणे. थंडी पडली की बिचाऱ्याच्या छातीत मांजर बसतं घुरघुरत. शिट्टी मारायला दम कुठाय त्याच्यात!”

मुलीनं तेही शेऱ्यात लिहिलं. शाळेत बाईंनी लावलेली सवय होती, समोरचा जे बोलेल ते त्याच्या शब्दांत उतरवून घ्यायचं. लिहिलं, आणि पुढच्या दाराशी गेली. आता याला काय म्हणावं? लिहिणाऱ्यानं आपलं लिहिलेलं वाचायचंही असतं, हे मात्र कुठल्या बाईंनी शिकवलं नव्हतं.

ही मुलगी सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. मुलांच्या श्वासाचे आजार आणि कुणाला उपचार मिळतात, कुणाला मिळत नाहीत, हा तिचा विषय. तो तिनं कुठल्या यादीतून निवडला नव्हता. खालच्या वस्तीतल्या सरकारी दवाखान्याच्या बाकावर तिचं निम्मं लहानपण गेलं होतं. दोन ते तीसपर्यंतचे पाढे तिनं त्या बाकावरच पाठ केले, आणि मधेमधे खोकली. “छाती नाजूक आहे, पळायचं नाही,” एवढंच औषध मिळायचं. पाचवीत तिच्या वर्गात टेकडीवरच्या कॉलनीतली एक मुलगी आली. तिचाही खोकला असाच, तशीच धाप. पण तिच्या दप्तरात निळा पंप असायचा. ती दोनदा तोंडात फवारा घ्यायची, दहापर्यंत आकडे मोजायची आणि खो-खो खेळायला पळायची. आपली नायिका मैदानाच्या कडेला सगळ्यांच्या चपला सांभाळत बसायची. देवानं श्वास देताना वरचा आणि खालचा असं काही बघितलं नव्हतं. तो हिशेब माणसांनीच मांडला. तेव्हापासून तिच्या मनात एकच प्रश्न होता : चपला सांभाळायला मीच का?

तर तो प्रश्न घेऊन ती एवढी शिकली, आणि विद्यापीठानं तिच्या हातात दुसराच प्रश्न दिला. शिट्टीचा.

प्रश्नावली मूळची परदेशातली, तज्ज्ञांनी तपासलेली, अनेक देशांत वापरलेली. मराठी कुणी केली देव जाणे. तिसऱ्याच दिवशी ती तिच्या मार्गदर्शक सरांकडे गेली होती. सर म्हणजे सज्जन माणूस, पण चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्यांपैकी.

“सर, बायकांना शिट्टी कळत नाही. त्यांना वाटतं मी मुलांची तक्रार घेऊन आलेय. ‘घरघर’ म्हणू का?”

“छे छे! घरघर शेवटची लागते. लोकांना अशुभ वाटतं. समितीनं मुद्दाम टाळलाय तो शब्द.”

“मग नुसतं समजावून सांगू?”

“अजिबात नाही. प्रश्न जसाच्या तसा वाचायचा. काना-मात्रासुद्धा बदलायचा नाही. नाहीतर तुलना कशी करणार?”

“पण सर, त्यांनी उत्तर चुकीचं...”

“चार बायकांचा गैरसमज झाला तर तो सरासरीत वाहून जातो,” सर म्हणाले.

ती पॅड उचलून परत आली. सर सांगतात म्हणजे बरोबर असेल, हे वळण तिला पहिलीपासून लागलेलं. इस्त्रीवालीचा मुलगा तिच्या मानानं फारच कमी वळणाचा असावा, कारण दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी तोच दोन बोटं तोंडात घालून उभा होता. त्यानं जी शिट्टी मारली, ती पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली.

“शिट्टीवाली आली रेऽ!”

मग काय विचारता! आठवड्याभरात सगळी वस्ती तिला शिट्टीवाली म्हणायला लागली. ती दिसली की या टोकाची पोरं शिट्टी मारायची, त्या टोकाची उत्तर द्यायची. ज्यांच्या आयांनी ‘आमचा तसला नाही’ म्हणून सांगितलं होतं, तीच सगळ्यात पुढं. निम्म्यांची शिट्टी मधेच अडायची आणि त्यांना खोकल्याची उबळ यायची. ती चिडून चालत राहायची. खाली दोनशे घरं, वर दोनशे घरं, तीन महिने. चपलेचे दोन जोड झिजले.

वरच्या कॉलनीत गंमतच वेगळी. तिथं दारावर बेल होती, आत सोफा होता आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. “व्हीझिंग ना? हो, आहे. डॉक्टरांनी निदान केलंय. फाइल दाखवू?” शिट्टीवर कुणी रागावलं नाही, कारण शिट्टी कुणी ऐकलीच नाही.

बेरीज झाली. वरच्या दोनशे मुलांत हो म्हणणारी बेचाळीस. खालच्या दोनशेंत नऊ.

“रंजक निष्कर्ष आहे!” सर खुर्चीतून अर्धे उठले. “गरीब वस्तीत आजार कमी. धुळीत खेळून प्रतिकारशक्ती वाढत असेल. यावर निबंध होईल बघ.”

तिला कुठंतरी खुपलं. खाली दगड फोडायचा कारखाना, चुलीचा धूर, ओल धरलेल्या भिंती, आणि आजार कमी? पण आकडे तिनंच आणले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला! सरांनी अहवाल आरोग्य खात्याला पाठवला.

तीन आठवड्यांनी दवाखान्याच्या सिस्टरनी तिला निरोप धाडला. या सिस्टर तिला लहानपणापासून ओळखत. बाई आडव्या बांध्याची, आवाज कर्ण्यासारखा, मन लोण्यासारखं, पण लोण्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागायचा.

त्या वाफेच्या मशीनचा मास्क पाण्याखाली धूत होत्या. मुलांना बसेल असा तो एकच मास्क होता. चार वर्षांपूर्वी हे मशीन आलं, मंगळवारी मुलांच्या छातीचे डॉक्टर यायला लागले, तेव्हा सिस्टरनी मशीनला नमस्कार केला होता. मागं वळून न बघता त्या म्हणाल्या, “टेबलावर पत्र आहे. वाच.”

तिनं वाचलं. ‘उपलब्ध सर्वेक्षणानुसार सदर भागात बालरुग्णांचे प्रमाण अत्यल्प आढळल्याने मंगळवारची बालश्वसन तपासणी व संबंधित यंत्र पुढील महिन्यापासून टेकडीवरील रुग्णालयात हलवण्याचे प्रस्तावित आहे. हरकती असल्यास पंधरा दिवसांत कळवाव्यात.’

“अत्यल्प,” सिस्टर म्हणाल्या. “काय पण शब्द शोधलाय. मंगळवारी मला बाक पुरत नाही, मुलं पायऱ्यांवर बसतात. आणि तुझ्या कागदात नऊ? उरलेली काय माझ्या स्वप्नात येतात?”

“सिस्टर, मी घरोघर गेले होते...”

“गेली होतीस ना? मग काय बघून आलीस? भिंतींचे रंग? वर त्या लोकांच्या घराघरात मशीन आहे गं बाई! इथल्या बाईनं धापा टाकणारं पोर कडेवर घेऊन दोन बस बदलून टेकडी चढायची? वर पोचेपर्यंत पोर राहील का?” त्यांनी मास्क झटकला. पाण्याचे थेंब तिच्या तोंडावर उडाले. “या बाकावर बसून शिकलीस म्हणून कौतुक वाटायचं मला. हा बाकच उचलून नेलास की.”

ती घरी कशी आली, तिचं तिला कळलं नाही. आईनं विचारलं, “जेवणार ना?” तर तिनं पिशवीतले गठ्ठे काढून जमिनीवर टाकले.

“मला काही विचारू नकोस. बायका खोटं बोलल्या. सरळ तोंडावर खोटं!”

आई कपड्यांना काजं-बटणं करून द्यायची. डोळ्यांवर चष्मा, ओठांत सुई. तिनं सुई गादीत टोचली आणि वरचा एक कागद उचलून प्रत्येक शब्दावर बोट ठेवत वाचला.

“हे असं विचारलंस?”

“जसंच्या तसं.”

“मग खोटं कुठं बोलल्या? मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं.”

“तू? माझ्या बाबतीत?”

“तुझ्या छातीत शिट्टी कधी नव्हती बाई. तुझं मांजर होतं. पाठीला कान लावला की कसं घुर्र घुर्र बोलायचं. मी रात्र रात्र देवाला म्हणायची, या मांजराला एवढं बाहेर काढ रे बाबा.” आईनं कागद खाली ठेवला. “आणि तू पण काय गं? शेवटी तूच लिहिलंयस की इथं. ‘छातीत मांजर बसते.’ तुझंच अक्षर आहे ना?”

तिनं कागद हिसकावून घेतला. आपलंच अक्षर, बारीक, सुवाच्य, वळणदार. तिनं दुसरा कागद काढला. मग तिसरा. जेवण तसंच राहिलं.

शिट्टी : नाही. शेरा : धावला की भाता चालतो. शिट्टी : नाही. शेरा : आई रागावली. मुलगी जिना चढली की कुकर होतो असे म्हणाली. शिट्टी : नाही. शेरा : झोपेत करवत चालते. शिट्टी : नाही. शेरा : मांजर. मांजर. छातीत कबुतर आहे. पुन्हा मांजर.

नऊ सोडून एकसष्ट होते. तिनं तीनदा मोजले. प्रत्येक बाईनं सगळं सांगितलं होतं. हिनं सगळं लिहूनही घेतलं होतं. आणि वाचलं कुणीच नव्हतं, हिनंसुद्धा नाही. दुसऱ्या कुणावर तरी चिडता आलं असतं तर बरं झालं असतं. ती भिंतीला टेकून बसली आणि स्वतःच्या कपाळावर पॅड मारून घेतलं.

“ते पॅड विद्यापीठाचं आहे,” आई म्हणाली. “मोडेल.”

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “शेरा म्हणजे शेरा. तो आकड्यात धरत नाहीत.”

“मग रकाना ठेवला कशाला सर?”

“पद्धत आहे म्हणून.”

“सर, तुमच्या त्या सरासरीत एकसष्ट मुलं वाहून गेली.”

सरांनी वरचे दोन-चार कागद उलटून पाहिले. माणूस वाईट नव्हता. फक्त आजवर कुठल्या आकड्यानं त्याच्यासमोर खोकून दाखवलं नव्हतं. “तुझ्या मांजराला पुरावा काय?” ते शेवटी म्हणाले. “डॉक्टरनं कान लावून सांगितलं तर मी पत्र देईन. नुसत्या म्हणींवर नाही.”

हरकतीच्या मुदतीत एकच मंगळवार उरला होता.

ती पुन्हा वस्तीत गेली. या वेळी पॅड नव्हतं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, तिनं लक्ष दिलं नाही. इस्त्रीवालीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

“परत? आता काय, कुणाच्या खिडकीवर दगड मारला म्हणतेस?”

“मावशी, माझं चुकलं. मला शिट्टी नकोय. मांजर हवंय.”

“काय हवंय?”

“तुमच्या मुलाच्या छातीतलं. मंगळवारी दवाखान्यात आणा. डॉक्टर ऐकतील.”

इस्त्रीवालीनं हातातली इस्त्री उभी करून ठेवली. “त्याला आजार म्हणतात?” तिनं हळूच विचारलं. “मला वाटलं त्याची प्रकृतीच तशी.”

“दमा म्हणतात मावशी.”

“शू! हळू बोल.” तिनं दोन्हीकडच्या दारांकडं पाहिलं. “दमा म्हाताऱ्यांना होतो. माझ्या सासऱ्यांना होता, त्यात गेले. लेकराच्या नावावर असला शब्द चिकटवू नकोस. उद्या शाळेत कोणी शेजारी बसणार नाही.”

आता हिला काय सांगायचं? तीन महिने ती ज्या शब्दाचा कागदोपत्री शोध घेत होती, तो इथं दारातून आत यायलाच बंदी होती. ती पायरीवर बसली. रागही येत होता, रडूही. “बरं, नको म्हणू या दमा. मांजरच म्हणू. मलापण होतं. मी पळायचे नाही, चपला सांभाळायचे सगळ्यांच्या. तुमच्या मुलाला चपला सांभाळायला बसवायचंय का?”

 इस्त्रीवालीनं इस्त्रीचं बटण बंद केलं, पदर खोचला आणि दारात येऊन कर्ण्यालाही लाजवील अशा आवाजात हाक दिली, “अगं एऽ टेलरीण! तुझ्या मुलीच्या छातीत ते कबुतर बोलतं ना? मंगळवारी घेऊन ये म्हणते ही. हो, हो, शिट्टीवालीच. चुकलं म्हणते तिचं!”

‘चुकलं म्हणते’ हे एवढ्या जोरात सांगायची गरज नव्हती. पण त्या एका हाकेनं जे काम झालं, ते तीन महिन्यांच्या पायपिटीनं झालं नव्हतं.

मंगळवारी डॉक्टर आले ते उशिरा आणि वैतागलेले. बाक आणि पायऱ्या नेहमीसारख्या भरल्या होत्याच, पण आज पार नळापर्यंत रांग होती. “हे काय आज? जत्रा आहे?” त्यांनी विचारलं.

“मांजरं आहेत डॉक्टर,” सिस्टर म्हणाल्या. “मोजून एकसष्ट बोलावली होती, चोपन्न आलीत. तुम्ही फक्त कान लावा, बाकी ती लिहील.”

डॉक्टर एकेका पाठीला नळी लावत गेले. सुरुवातीला कुरकुरत होते, मग गप्प झाले. दुपार टळली तरी चहाला उठले नाहीत. इस्त्रीवालीच्या मुलाला त्यांनी श्वासाचा जोर मोजणारी, काटा असलेली फुंकायची नळी दिली. “शिट्टी मारतोस तशी मार फुंकर.” मुलानं गाल फुगवून सगळा जीव लावला. काटा जेमतेम निम्म्यावर गेला. वाफ देऊन पाव तासानं पुन्हा फुंकायला लावलं, तेव्हा काटा वरच्या हिरव्या पट्टीला टेकला.

“आई,” मुलगा म्हणाला, “मांजर गेलं.”

इस्त्रीवालीनं तोंडाला पदर लावला. “परत येईल ना?” तिनं डॉक्टरांना विचारलं.

“येईल. म्हणून पंप देतोय. रोज घ्यायचा. सवयबिवय काही लागत नाही, शेजारणीचं ऐकायचं नाही.”

चोपन्नांपैकी अठ्ठेचाळीस छात्या बोलल्या. सिस्टर तो एकच मास्क धुऊन धुऊन दमल्या. शेवटी त्यांनी शिट्टीवालीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “चहा घे. काळी पडलीयस अगदी.” लोण्यापर्यंत पोचली होती ती एकदाची.

आरोग्य खात्याच्या बैठकीत तिला तीन मिनिटं मिळाली. मोठ्या टेबलाच्या टोकाला साहेब, बाजूला सर, सगळ्यांपुढं पाण्याच्या बाटल्या. तिच्या छातीत काहीतरी जुनं, ओळखीचं घुरघुरलं. देवा, तीन मिनिटं गप्प बस म्हणावं याला, असं ती मनातल्या मनात म्हणाली आणि शेरे वाचायला लागली. भाता. कुकर. करवत. कबुतर. मांजर, मांजर, मांजर. कोणीतरी हसलं. मग तिनं डॉक्टरांचं पत्र वाचलं. हसणं थांबलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे नक्की आकडा काय धरायचा? नऊ की एकसष्ट?”

“दोन्ही धरा साहेब. नऊ जणींना प्रश्न कळला. एकसष्ट जणींना मुलाचा त्रास कळला होता, फक्त आम्हाला त्यांचं उत्तर कळलं नाही.”

सरांनी घसा खाकरला. ती घाबरली. पण सर म्हणाले, “चूक प्रश्नाची आहे. पर्यायानं माझी. निष्कर्ष मागं घेतो.” आणि चष्मा खरंच डोळ्यांवर घेतला.

मशीन हललं नाही. मंगळवार खालीच राहिला. दुसरा मास्क मागितला होता, त्यावर ‘विचाराधीन’ असा शेरा आला. शेऱ्याचं काय होतं ते तिला आता ठाऊक होतं, म्हणून ती दर सोमवारी खात्यात जाऊन लिपिकाच्या टेबलाशी उभी राहायला लागली. तिसऱ्या सोमवारी तो लिपिक तिला लांबून बघूनच हात जोडायला लागला.

खात्यानं मात्र धडा घेतला, अगदी घट्ट धरून घेतला. सहा महिन्यांनी नवी प्रश्नावली छापून आली, सगळ्या भागांसाठी एकच, काना-मात्रा न बदलण्याच्या सक्त सूचनेसह. ती पुन्हा पॅड घेऊन टेकडी चढली. पहिल्याच घराची बेल वाजवली. मागच्या वेळी फाइल दाखवायला निघालेल्याच बाईंनी, रेशमी गाऊन घालून, दार उघडलं.

तिनं कागदाकडं पाहिलं, डोळे मिटून घेतले आणि छापल्याप्रमाणं वाचलं, “गेल्या बारा महिन्यांत आपल्या मुलाच्या छातीत मांजर बोलले आहे का?”

बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

“आमच्याकडं मांजर नाहीये,” त्या म्हणाल्या. “कुत्रा आहे. आणि तो बाहेर असतो.”

शिट्टीवालीनं एक लांब श्वास घेतला. चांगला आत, तळापर्यंत गेला. ‘नाही’च्या चौकोनावर आलेलं पेन तिनं उचललं, आधी शेऱ्यात बाईंचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, ते स्वतः एकदा वाचलं, आणि म्हणाली, “काकू, जरा आत येऊ का? मला तुमची ती फाइल दाखवा.”